लाल कार्डशीटवरचा युगोस्लाव्हिया

आज भुसावळला एका शाळेच्या प्रदर्शनात एक लाल कार्डशीट बघितली आणि डोकंच फिरलं. विषय बुद्धिबळ. मधोमध स्केचपेनने काढलेला पट आणि भोवती महिरपीसारखी लावलेली टपाल तिकिटं. खरी तिकिटं! शीट करणाऱ्या पोराच्या आजोबांच्या अल्बममधली. फेविकॉलने चिकटवलेली. चार-पाच तर कात्रीने गोल कापलेली, म्हणजे कडेचे दात गेलेच. आणि कोपऱ्यात चिठ्ठी : प्रथम क्रमांक.

त्या शीटवर काय होतं, ऐका. सोव्हिएत संघाची १९४८ ची तीन तिकिटं. १९४६ मध्ये जगज्जेता अलेखिन गेला, गादी रिकामी पडली, मग १९४८ मध्ये हेग आणि मॉस्कोत पाच जण खेळले आणि बोटविनिक जगज्जेता झाला. ती ही तिकिटं. त्यांच्या आधी बुद्धिबळाच्या नावावर होतं ते बल्गेरियाचं १९४७ चं घोड्याचं तिकीट, बस्स. शेजारी हंगेरीची १९५० ची तीन, बुडापेस्टच्या कँडिडेट्स स्पर्धेची, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी. आणि त्यांच्यावर अर्धी चढवून युगोस्लाव्हियाची पाच, त्याच वर्षीच्या दुब्रोवनिक ऑलिम्पियाडची, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेची. तेव्हा युगोस्लाव्हियाच्या टिटोचं आणि स्टालिनचं फाटलेलं. हंगेरीसकट सोव्हिएत गोटातलं कुणी दुब्रोवनिकला फिरकलं नाही, सुवर्ण यजमानांनीच नेलं. एका टेबलावर न बसलेले हे दोन देश आपल्या भुसावळच्या पोराने फेविकॉलने जोडून टाकले!

नंबर देणाऱ्या बाईंना काय, रंगीत दिसलं की झालं.

अहो, तिकीट म्हणजे नुसतं चित्र नाही. अर्धं तिकीट चित्राच्या बाहेर असतं. मूळ डिंक, कागदातला जलचिन्हाचा माग, कडेचे दात, शिक्क्याची तारीख. कोरं तिकीट एकदा चिकटवलं की त्याचा मूळ डिंक गेला आणि किंमत धाडकन खाली. प्रकल्पच करायचा तर रंगीत झेरॉक्स काढा, किती लागतात पैसे? खरं तिकीट दाखवायचंच असेल तर पारदर्शक माउंटमध्ये, म्हणजे तिकिटासाठीच्या छोट्या पाकिटात ठेवा आणि माउंट चिकटवा. चिकटपट्टी तर त्याहून वाईट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिचा गोंद पातळ होऊन कागदात शिरतो, पिवळा डाग पडतो. तो पुढे पूर्ण निघत नाही. लॅमिनेशनबद्दल मी बोलतच नाही.

आणि अल्बम कूलरसमोरच्या कपाटात ठेवणारे खान्देशी लोक, तुम्हीही ऐका. बाहेर हवा कोरडी ठाक, पण कूलरने खोलीत दमट होते. कोरी तिकिटं पानाला चिकटतात ती तिथे, पावसाळ्याची वाट बघत नाहीत. अल्बम उभा ठेवा, आडवा नको, आणि पीव्हीसीची स्वस्त पाकिटं वापरू नका.

बरं, मान्य, माळ्यावर वाळवीने खाण्यापेक्षा पोराने हातात घेतली हे बरंच. पण म्हणून कात्री?

आता ती शीट सोडवायची कशी, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. साध्या पाकिटावरचं तिकीट सोपं. भोवती बोटभर कागद सोडून कापायचं, कोमट पाण्यात चित्र वर ठेवून तरंगवायचं, वीसेक मिनिटांत आपोआप सुटतं. ओढायचं नाही. इथे गोची अशी की सुकलेल्या फेविकॉलला कोमट पाणी लागतं आणि कोमट पाण्यात लाल कार्डशीटचा रंग सुटतो. तिकिटं गुलाबी होतात. म्हणून आधी एकेक तुकडा वेगळा कापायचा. तिकीट पालथं धरून मागची कार्डशीट कोरडीच पापुद्र्यापापुद्र्याने सोलायची. तिकिटापासून कार्ड सोलायचं, कार्डापासून तिकीट नाही, नाहीतर तिकिटाचा कागद विरळ होतो. शेवटचा पातळ थर राहिला की कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून शाईचा रंग उतरतो का बघायचं, मगच पाणी. पाणी लाल झालं की लगेच बदलायचं. फेविकॉल पांढरा, रबरासारखा होतो, तो बोटाने हलकेच वळून काढायचा. टीपकागदावर पालथं वाळवायचं आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली. वर्तमानपत्र नको, शाई उठते.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. त्या पोराने काढलेला पट बरोबर होता. दोन्ही खेळाडूंच्या उजव्या हाताला पांढरं घर, पांढरा वजीर पांढऱ्या घरात. जाहिरातींत पैसे घेऊन चित्रं काढणारे इथेच चुकतात. हंगेरीवर युगोस्लाव्हिया का चढवला विचारलं तर म्हणाला, "काका, दोन्ही १९५० ची ना, म्हणून शेजारी." तिकिटावरचं साल वाचलं होतं पठ्ठ्याने! मग काय रागवणार. आजोबा तर केव्हाच म्हणून मोकळे झाले होते, "जाऊ दे भो, पोरगंच ते."

राग आता फक्त त्या चिठ्ठीवर आहे.

संध्याकाळी आजोबांच्या घरी स्टीलच्या ताटात युगोस्लाव्हियाची पाच पडली आहेत. तीन सुटली, एकाचा कोपरा गुलाबी झालाय, पाचवं हंगेरीला सोडायला तयार नाही. जळगाव-भुसावळमध्ये कुणाकडे जाड टीपकागद आणि चपट्या टोकाचा चिमटा असेल तर उद्या सकाळी लागेल.