भिंतीला डोकं लावून

'स्कायरिम' या गेमचा नियम ऐकायला साधा आहे: जे कराल ते वाढेल. तलवार चालवा, तलवारीचं स्किल वाढेल. मार खा, चिलखताचं वाढेल. दुकानदाराच्या गळ्यात भंगार माल मारा, बोलण्याचं वाढेल. अशी एकूण १८ स्किल्स. ती पुरेशी वाढली की आपली लेव्हल चढते, मग आरोग्य, जादू किंवा दम यातलं एक काहीतरी वाढवून घ्यायचं आणि वर एक पर्क, म्हणजे एखाद्या स्किलमधली खास करामत. गेम २०११ सालचा. तो आला तेव्हा आमचे चिरंजीव जन्मलेलेही नव्हते. आता मानपाड्याच्या आमच्या टू बीएचकेत तेच माझे गुरू आहेत.

नियम साधा असला की त्यातली पळवाट शोधणं आलंच. लोहारकाम वाढवायचं तर सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे लोखंडी सुरी. लोखंडाची एक लगड, चामड्याची एक पट्टी, झाली सुरी तयार. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून सुटून मी घरी येतो, हातपाय धुतो आणि सुऱ्या पाडायला बसतो. तिकडे राजाचा खून झालाय, यादवी पेटलीय, ड्रॅगन गावं जाळत सुटलेत, आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त तो वीरपुरुष व्हाइटरन शहरातल्या भट्टीपाशी मान खाली घालून सुऱ्या पाडतोय.

"काय चाललंय?" हिनं विचारलं.

"सुऱ्या बनवतोय."

"घरातली कधीची बोथट झालीय. तिला धार कोण लावणार?"

घरच्या सुरीला एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळत नाहीत, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

चिरंजीवांच्या मते सुऱ्यांचा जमाना केव्हाच गेला. मधल्या एका अपडेटपासून वस्तू जितकी महाग तितका अनुभव जास्त. "बाबा, सुऱ्या सोड. सोन्याच्या अंगठ्या कर." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला आणि आतून प्रश्न आला, "कोणासाठी?"

पण खरी अब्रू गेली ती चोरपावलांपायी. हे स्किल वाढतं कधी, तर जवळपास कुणीतरी असावं आणि त्याला आपला पत्ता नसावा. म्हणून जाणकार काय करतात, असा एखादा इसम हेरतात, खाली वाकतात आणि भिंतीकडे तोंड करून चालत राहतात. पात्र जागचं हलत नाही, पण गेमच्या हिशेबात ते चालतच असतं. अंगठा दुखू नये म्हणून कंट्रोलरच्या दांडीला रबर बँड लावून ठेवायचा. मी मिठाईच्या पुड्याचा ताणून बसवला आणि निवांत भाजी आणायला गेलो. परत येऊन बघतो तर आई तिची मालिका सोडून हेच बघत बसलेली.

"अरे, हा मघापासून भिंतीला डोकं लावून चालतोय. दिसत नाही का ह्याला?"

"शिकतोय तो, आई."

"काय?"

"चोरपावलांनी चालायला."

आईनं चष्मा पुसून आणखी थोडा वेळ पाहिलं. "पण तो दुसरा तर पाठ फिरवून बसलाय. त्याला कशाला घाबरायचं?"

याचं उत्तर मला कुठल्याच गाइडमध्ये सापडलेलं नाही.

तरी 'स्कायरिम' त्यातल्या त्यात दयाळू. आधीच्या, २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये आपली लेव्हल वाढली की शत्रूही तयारीनं यायचे. सुरुवातीला कातड्याच्या कपड्यांत फिरणारे वाटमारे पुढे लखलखत्या काचेच्या चिलखतात येऊन चार नाण्यांसाठी अडवायचे. पगार वाढल्याचा वास घरमालकाला बरोबर लागतो, तशातली गत. तिथं लेव्हल वाढायची ती आपण निवडलेल्या मुख्य स्किल्सवर, म्हणून हुशार खेळाडू मुद्दाम बिनवापराची स्किल्स मुख्य म्हणून निवडायचे. प्रगती हवी तेवढीच व्हावी. आणि लेव्हल पदरात पडायची ती झोप काढल्यावर. ही व्यवस्था मात्र मला मनापासून पटली.

माझा योद्धा मुळात जड चिलखत आणि दोन हातांची कुऱ्हाड घेऊन निघाला होता. पण काहीही ठरवून निघा, शेवटी अंधारात दबा धरून बाणच मारत बसता, हा या गेमचा जुना विनोद आहे, आणि चोरपावलं चढत गेली तशी कुऱ्हाड पेटीत पडली. अखेर एका रविवारी चोरपावलं १०० वर पोचली. मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आई आली, ही हात पुसत आली.

चिरंजीवांनी स्क्रीनकडे एक नजर टाकली. "छान. आता लिजेंडरी कर."

"म्हणजे?"

"स्किल परत १५ वर येतं. अडकलेले पर्क सुटतात, आणि पुन्हा पहिल्यापासून वाढवता येतं."

ही काही न बोलता आत गेली. मी सोफ्यावर बसलो. आईनं मात्र टीपॉयवरचा रबर बँड उचलला, दोन बोटांत ताणून बघितला आणि म्हणाली, "हा सैल झालाय रे. माझ्याकडे दुधाच्या पिशवीचा आहे, तो देऊ?"