बोट चालत नाही

सकाळपासून डोकं सणकलंय म्हणून लिहितेय. तेही याच टॅबवर, मुद्दाम. वेळ लागला तर लागू दे.

परवा पुतण्या पुण्याहून आला, अण्णांसाठी टॅब घेऊन. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ८४. मोठा स्क्रीन आहे, डोळ्यांना त्रास नाही, भजनं ऐकतील, असा त्याचा हिशोब. स्वतःच्या पगारातून आणला, प्रेमानं आणला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अण्णांना भजनं नकोच होती. त्यांना एकच गोष्ट बघायची होती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. पावसाळ्यात सांगलीत, त्यातून नदीकाठच्या गावभागात राहणाऱ्या माणसाला दुसरं काय बघायचं असतं?

आज सकाळी निघायच्या आधी तो त्यांना शिकवायला बसला. पाच मिनिटं. अण्णांनी बोट टेकवलं, काही झालं नाही. परत टेकवलं, जरा जोरात. मग दाबूनच धरलं तर भलतंच काहीतरी उघडलं. "आजोबा, तुमचं बोट चालत नाही. आणा इकडे, मी लावून देतो." आणि टॅब हातातून काढून घेतला. अण्णा काही बोलले नाहीत. ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसून राहिले. मी चहा घेऊन दारात उभी होते, मी बघितलं.

बोट चालत नाही म्हणे!

या बोटांनी हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, हळद भरली आणि काढली. नंतर मार्केट यार्डात उभी हयात गेली. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, आणि माल कसा आहे ते सांगायचं. व्यापारी त्यांच्या शब्दावर पोती उचलायचे. आज सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, २०१८ साली मिळालं, सगळे कौतुक करतात. ते मानांकन कुणाच्या हातांवर उभं आहे? त्या हातांना आता काच ओळखत नाही, आणि दोष कुणाचा, तर बोटाचा.

मी दुपारी पोराला फोन करून विचारलं, थोडं वाचलंही. या काचेखाली अगदी बारीक विजेचा भार असतो. बोट टेकलं की तिथला भार बदलतो, त्यावरून टॅबला कळतं कुठे स्पर्श झाला. कातडी मऊ आणि जरा ओलसर असेल तर लगेच कळतं. कोरडी, राठ, घट्टे पडलेली असेल तर कळत नाही. आणि जोरानं दाबून उपयोग नसतो, दाबून धरणं म्हणजे त्याच्या लेखी वेगळाच हुकूम. हे एक वाक्य सकाळी कुणी अण्णांना सांगितलं असतं तर? आपल्याकडे ऊस तोडणारे, गवंडीकाम करणारे, दिवसभर भांडी घासणाऱ्या बायका, किती हात राठ आहेत! आणि आता जिथं जावं तिथं "इथं बोट लावा".

दोन दिवस मीही तो वापरतेय. फोनची सवय आहे, वाटलं, मोठा फोनच की. तसं नाही. अर्धा किलोचं धूड, एका हातात पेलत नाही, आणि दोन्ही हातांनी धरलं तर टाइप कशानं करायचं? जरा कललं की चित्र आडवं. मागे जायचं बटण नाही, कडेवरून बोट ओढायचं, हे कुठेही लिहिलेलं नाही. खोक्यातला कागद मुंगीच्या अक्षरात, त्यात मराठीची ओळ नाही. पहिल्या दिवशी "हळद" लिहायला बसले तर मला ळ सापडेना. पण खरं सांगते, अक्षरं मोठी करून आयर्विन पूल त्या स्क्रीनवर बघितला तेव्हा छान वाटलं. वस्तू वाईट नाही.

पोरांना वेळ नसतो, रजा एक दिवसाची असते, हेही मान्य. पण अण्णा सांगतात, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा मेलेली असते. आधी थांबायचं, कंदील सोडून बघायचा. हे त्यांना कुणीतरी पेवाच्या तोंडाशी उभं राहून शिकवलंच ना? "सर बाजूला, मी उतरतो" म्हणाला असता तो माणूस तर अण्णांना काय आलं असतं?

लिहिता लिहिता आठवलं आणि हात थांबला. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही नातेवाइकांकडे मिरजेला होतो. अण्णा सारखे माझा फोन मागायचे, पाणी उतरलं का बघायला. मी दोनदा त्यांच्या हातातून काढून घेतला. "अण्णा, मी सांगते ना तुम्हाला." त्यांचं घर पाण्यात होतं आणि मला चार्जिंगची काळजी होती. तेव्हाही ते काहीच बोलले नव्हते. पुतण्यावर किती चिडू मी?

चार वाजता त्यांच्याजवळ बसले. ओल्या फडक्याला बोट टेकवायला सांगितलं, मग काचेवर, हलकं, भाकरी भाजलीय का बघतो तसं. तिसऱ्या खेपेला उघडलं. मग मराठीत बोलून विचारायचं कसं तेही दाखवलं. त्या माइकच्या चित्राला बोट लावून त्यांनी यार्डातल्यासारखा खणखणीत आवाज लावला, "आयर्विन पुलाजवळ पाणी किती?" मी हात मांडीखाली घालून बसले होते, चुकून पुढे जायला नको म्हणून.

मोबाईलच्या दुकानात रबरी टोकाचं पेन मिळतं, ते उद्या आणणार आहे. कुणाकडे असेल तर कसं चालतं सांगा.

धोक्याची पातळी ४५ फूट, आज पाणी बरंच खाली आहे. तरी अण्णांनी रात्री नऊपर्यंत चारदा बघितलं, स्वतः. आता हाक मारतायत, कोयना धरणातून पाणी किती सोडलंय ते कुठे दिसतं म्हणून. आणि टॅब परत मागतायत. देते.