तिला कुणी विचारलं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी जास्त मुलं होऊ द्या असं म्हटलं, तेव्हापासून भारतातला हा वाद मी इंग्लंडमध्ये बसून वाचते आहे. लहानपणी भिंतीभिंतींवर लहान कुटुंबाची जाहिरात पाहिली. आता उलटं चाललंय. आकडा मात्र दोन्ही वेळा बाईला वगळूनच ठरला.

इथे गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले. मागच्या छोट्या खोलीत नेऊन फार्मासिस्टनं दार लावलं, रक्तदाब मोजला, अर्धशिशी आहे का, सिगारेट ओढता का, विचारलं. मग म्हणाली, "रोज गोळी घ्यायचं लक्षात राहील ना, की दुसरं काही बघायचं?" पैसे पडले नाहीत. पण फुकट तर आपल्या सरकारी दवाखान्यातही मिळतं: तांबी, 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन, 'छाया' नावाची गोळी. मला हेवा वाटला तो त्या लावलेल्या दाराचा.

माझ्या मावसबहिणीनं पहिल्या बाळंतपणानंतर तांबीचं विचारलं, तेव्हा सासूबाई शेजारीच होत्या. "ती वर सरकते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि नर्सबाई गप्प राहिल्या. दुसऱ्या खेपेला ऑपरेशनच उरकलं. वय पंचवीस. भाऊजींचं करायचा विषय निघाला तर म्हणे त्यांना अशक्तपणा येईल. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. आणीबाणीतल्या सक्तीकडे बोट दाखवतात, पण तेव्हा जन्मालाही न आलेले आजचे नवरे कशाला घाबरतात? मला हे कारण पटत नाही.

इथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. तांबी बसवायला मैत्रिणीला कित्येक आठवडे थांबावं लागलं. आणि आमच्या ओळखीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी आहे, इंग्रजी जेमतेम. डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून नवराच गेला. तिला इतक्यात मूल नको होतं. हे ती माझ्याशी मराठीत बोलली, डॉक्टरांपर्यंत पोचलंच नाही.

मी म्हटलं, "अगं, दवाखान्याकडून दुभाषी मागून घे, पैसे लागत नाहीत."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "ह्यांना न कळता मागता येतो का हो, ताई?"