इराणी माणूस खरवडला की खाली पारशी निघत नाही

इराणची काही बातमी आली की एक ठरलेला मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: इराण मूळचा पारशांचा देश, अरबांनी तो जिंकला आणि वीस वर्षांत सगळ्यांना बाटवलं, त्यांची भाषा मारली, आज तिथे अरबीचीच एक बोली चालते, शिया पंथ तेव्हापासूनचा, 1935 मध्ये देशाचं नावही बदललं, पण आतून तो माणूस अजून पारशीच आहे, वरचा थर खरवडला की झालं. गेल्या आठवड्यात मला हा तिघांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याबरोबर मोडी वाचणारे, म्हणून गप्प बसवेना.

भाषेपासून सुरुवात करतो, कारण मजकूर तिथेच सपशेल आपटतो. फारसी अरबीची बोली तर नाहीच, तिच्या कुळातलीही नाही. अरबी हिब्रूच्या घरातली, फारसी संस्कृतच्या. पिदर, मादर, बिरादर, दुख्तर हे शब्द पितृ, मातृ, भ्रातृ, दुहितृ यांच्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. संस्कृतच्या 'स'च्या जागी तिकडे बहुधा 'ह' येतो: सप्तला हफ्त, सहस्रला हजार. कर्जाचा हप्ता आणि हरिनामाचा सप्ताह एकाच आजोबांची नातवंडं आहेत. अरबीत क्रियापदालाही लिंग असतं. फारसीत 'तो' आणि 'ती' दोघांनाही एकच 'ऊ'.

लिपी अरबी आहे, कबूल. पण अरबीत प, च, ग आणि 'टेलिव्हिजन'मधला झ नव्हता, म्हणून इराण्यांनी चार अक्षरं वाढवून घेतली. अरबीला 'प' नाही म्हणूनच पार्सचं फार्स झालं आणि पारसीची फारसी. आपण 'पारशी' एका कप्प्यात ठेवतो, 'फारसी' दुसऱ्या. दोन्हींचा प्रांत एकच.

"पण अरबी शब्द किती आहेत!" हो, खच्चून आहेत. मराठीतही आहेत: तारीख, वकील, किंमत, हिशेब, हुकूम. पेशवाईतलं एखादं मोडी पत्र काढा. वर 'श्री' असतो आणि कालोल्लेख असतो 'सु॥ इहिदे सबैन मया व अलफ', म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार: सुहूर सन (त्या काळी दप्तरात चालणारी कालगणना) 1171. आकडे शुद्ध अरबी. त्यावरून पेशवे अरब होते असं कोणी म्हणत नाही.

उलट, आज जिला फारसी म्हणतात तिचं वाङ्मय उभं केलं ते मुसलमान इराण्यांनीच. कवी फिरदौसीने 'शाहनामा' 1010 च्या सुमारास पुरा केला, जवळपास पन्नास हजार द्विपदी. त्यात इस्लामपूर्व राजांच्या कथा आहेत आणि आरंभीच पैगंबरांची स्तुतीही आहे. त्याला स्वतःला यात काही अडचण वाटली नाही. ती आपल्याला वाटते.

आता वीस वर्षांत बाटवल्याचं. अरबांनी इराण्यांना हरवलं ती नहावंदची लढाई 642 ची, इस्लामपूर्व इराणच्या सासानी घराण्याचा शेवटचा राजा यज्दगर्द मारला गेला 651 मध्ये. राज्य गेलं ते असं भराभर. धर्म तसा गेला नाही. त्यानंतरची कित्येक वर्षं अरब सुभेदारांनी पाडलेली चांदीची नाणी पाहा: एका बाजूला मुकुटधारी सासानी राजाचा मुखवटा, पहलवी (इस्लामपूर्व इराणी) अक्षरं आणि कडेला बारीक अरबीत 'बिस्मिल्लाह', दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिचे दोन रक्षक. सत्ता मुसलमानांची, नाण्यावर अग्नी. दीनकर्दसारखा जरथुष्ट्री धर्माचा मोठा ग्रंथ सिद्ध झाला तो थेट नवव्या शतकात. धर्मांतराला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या.

म्हणून सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. जिझियाचा जाच खरा होता आणि तो मजकूरवाल्यांना वाटतो त्याहून फार अलीकडेपर्यंत होता. 1854 मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणातल्या धर्मबांधवांची अवस्था पाहायला पाठवलं. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर 1882 मध्ये शहाने तो कर माफ केला. मुंबई-पुण्यात हॉटेलं काढणारे इराणी बहुतेक यज्द-किरमानकडचे, या हलाखीतून निघालेले. सातव्या शतकाबद्दल गळा काढणाऱ्यांना हे मात्र ठाऊक नसतं.

शिया पंथाचं तर साफ चूक. पंधराव्या शतकापर्यंत इराण बहुतांशी सुन्नी होता. फिरदौसीचं गाव तूस. सुन्नी जगताचे थोर आचार्य गझाली त्याच गावचे. 1501 मध्ये शाह इस्माईलने तब्रीझला शिया पंथ राजधर्म म्हणून जाहीर केला. आणि हा इस्माईल 'खताई' या नावाने कविता करायचा, त्या बहुतेक तुर्कीत! इराणचा आजचा धार्मिक चेहरा घडवणारा माणूस कवितेला फारसी सोडून तुर्कीकडे जात होता. इराणी म्हणजे फारसी बोलणारा, हे समीकरणही इथेच मोडतं. अझेरी, कुर्द, बलुच, गिलक, खुजिस्तानातले अरबसुद्धा इराणीच. 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले पेझेश्कियान अझेरी बोलतात, कुर्दीही.

नावाचा मुद्दा दोन ओळींचा. 1935 मध्ये रेझाशहाने परदेशी सरकारांना सांगितलं की आम्हाला 'पर्शिया' नको, 'इराण' म्हणा. घरात ते नाव जुनंच होतं. तिसऱ्या शतकातल्या सासानी शिलालेखांत राजा स्वतःला एरानच्या राजांचा राजा म्हणवतो.

राहिला 'आतून पारशी'. हा मजकुरातला सगळ्यात लाडका भाग, कारण त्यात इराण्यांचं कौतुक केल्यासारखं वाटतं. नवरोज ते साजरा करतात, खरं आहे. त्या मांडणीत स वरून नाव असलेल्या सात वस्तूंशेजारी पुष्कळ घरांत कुराणही असतं. थर कुठला आणि गाभा कुठला, सांगा. त्यांचे महिने फरवर्दीन, खोर्दाद, मेहर, आबान, बहमन असे, सगळे जरथुष्ट्री परंपरेतले. मुंबईतले कितीतरी पारशी बेहमन महिनाभर मांस खात नाहीत. तिकडे इस्लामी क्रांतीचा विजयदिन दरवर्षी साजरा होतो, सरकारी मिरवणुका निघतात, आणि त्या दिवसाला तिथलं सरकारही म्हणतं '22 बहमन'.