डायलिसिसवाल्याचं मन कमकुवत? तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज

आधी बिल्डिंगच्या ग्रुपवर, मग मामेभावाकडून, मग बाबांच्या मित्राकडून, तेच फॉरवर्ड तीनदा आलंय. त्यात म्हटलंय की डायलिसिस लागलं तरी माणूस नॉर्मल जगतो, ज्याला उदास वाटतं त्याचं मन कमकुवत, पॉझिटिव्ह राहा, आणि डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या की उरलीसुरली किडनी जाते. माझे बाबा तीन वर्षं डायलिसिसवर आहेत म्हणून एकेक घेते.

नॉर्मल म्हणजे काय ते सांगते. आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी साधारण 4 तास मशीन. चांगली किडनी आठवड्याचे 168 तास काम करते, मशीन 12. आम्ही काळाचौकीला, सेंटर परळला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, तरी जाणं, वजन, सुया, नंतर रक्त थांबेपर्यंत हात दाबून बसणं यात अख्खा दिवस जातो आणि घरी आले की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात, दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतात तोवर पुढची पाळी आलेली असते. पाणी पण मोजून. आईने बाटलीवर पेनाने खूण केलीय, चहा आमटी सगळं त्यातच धरायचं, मे महिन्यात सुद्धा.

आता मन कमकुवत. 82 च्या संपात गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून ज्याने घर चालवलं त्या माणसाला हे सांगायचं? 2013 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं तर मुलाखत घेऊन तपासलेल्या डायलिसिस पेशंटपैकी साधारण 23 टक्क्यांना डिप्रेशन निघालं, नुसती प्रश्नावली भरून घेतली तर 39 टक्के. एवढी सगळी माणसं कमकुवत मनाची नसतात हो. आणि ते ओळखायला पण कठीण, कारण थकवा, भूक नसणं, झोप उडणं हे किडनीच्या आजारात तसंही होतं. आम्हाला सेंटरवर हेच ऐकवलं, सगळ्यांनाच होतं असं. पण बाबा रोज सकाळी उठल्या उठल्या फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून हातात जोडलेली रक्तवाहिनी) तळवा ठेवून थरथर बघायचे, चालू आहे ना म्हणून, ते त्यांनी बंद केलं. मग एका शनिवारी म्हणाले, आज नको जाऊया. डायलिसिस चुकलं की पोटॅशियम चढतं, छातीत पाणी भरतं, जीवावर बेततं, तेव्हा मी घाबरले. पॉझिटिव्ह राहा म्हणून ते उठले नसते.

गोळ्यांचं तर सरळच खोटं आहे. सर्ट्रालीनसारखी डिप्रेशनची गोळी मुख्यतः लिव्हरमध्ये मोडली जाते. अमेरिकेत 120 डायलिसिस पेशंटवर एक अभ्यास झाला, 2019 ला छापून आला, अर्ध्यांना सर्ट्रालीन, अर्ध्यांना खुर्चीत डायलिसिस चालू असतानाच समुपदेशन. 12 आठवड्यांनी गोळीवाल्यांचं डिप्रेशन थोडं जास्त उतरलं होतं, पण साइड इफेक्ट पण त्यांनाच जास्त. म्हणजे दोन रस्ते आहेत, आणि कुठला घ्यायचा ते किडनीवाल्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, आपापली गोळी चालू किंवा बंद करायची नाही.

ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी पुढच्या व्हिजिटला रिपोर्टच्या फाइलसोबत हे पण सांगा, झोप कशी आहे, बोलतात का, डायलिसिसला नको म्हणतात का. आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात. आम्ही तो नंबर फ्रिजवर चिकटवलाय, पाण्याच्या तक्त्याच्या शेजारी.