एक तृतीयांश हॉल

आईने मृत्युपत्र दुधाच्या वहीत लिहिलं. पुढच्या निम्म्या वहीत गवळ्याचा हिशेब, 'आज अर्धा जास्त', 'आज आला नाही', 'पाणी घातलंन', आणि मग एक पान कोरं सोडून एकदम, 'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत असून'. तिच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला आम्ही जेवायला बसलो होतो. तिने ती वही माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "हे वाच, आणि श्रीखंड वाढू का ते सांग."

मजकूर साडेतीन पानांचा होता. डोंबिवलीचं घर त्यात दीड ओळीत उरकलं होतं: मुलगा आणि मुलगी, निम्मं निम्मं. उरलेली पानं स्वयंपाकघराची. तांब्याचा बंब मला, पाटा-वरवंटा जो उचलून नेईल त्याला, आणि पितळेचं पुरणयंत्र ताईला, 'कारण सूनबाई पुरण मिक्सरमधून काढते'. माझ्या बायकोने हे वाक्य दोनदा वाचलं आणि श्रीखंड नको म्हणाली.

आमच्याकडे ताप आला तर माणूस डॉक्टरकडे जातो, नळ गळला तर प्लंबर बोलावतो. कायद्याचं काही निघालं की मात्र मामांना फोन लागतो. मामांचा १९८३ साली शेजाऱ्याशी गटारावरून दावा लागला. तो अकरा वर्षं चालला आणि मामा हरले. पण त्या अकरा वर्षांत त्यांचं कायद्याचं शिक्षण पूर्ण झालं, असं आमच्या खानदानात मानतात.

"शंभरच्या बाँडवर आहे का?" मामांनी पहिला प्रश्न टाकला. वहीत आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तो दुधाचाच हिशेब समज." दुसरं त्यांनी असं सांगितलं, की मुलींना हक्क मिळाला २००५ साली आणि आमचे बाबा गेले २००३ साली, तेव्हा ताईचा मुळात काही संबंधच येत नाही. ताई नाशिकहून फोनवर आहे आणि फोन स्पीकरवर आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढची दहा मिनिटं मामा फक्त "अगं तसं नाही गं" एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मृत्युपत्राचा खटाटोप कशाला? सोसायटीत नॉमिनी लावा. नॉमिनी तो मालक." हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं, की मी घरी जाऊन माझ्या सगळ्या ठेवींचे नॉमिनी कोण आहेत ते तपासलं. एका पावतीवर अजून लग्नाआधीचं, म्हणजे मामांचं नाव निघालं.

साक्षीदार दोन लागतात, यावर मात्र सगळ्या गल्लीचं एकमत होतं. आईने त्यासाठी माणसं बघायला सुरुवात केली आणि मुलीला स्थळं बघावीत तसे निकष लावले. वय कमी हवं, कारण साक्षीदार मागे उरला पाहिजे. साखर नको. चौकस नको. सेक्रेटरी तर नकोच, त्याने गॅलरीतल्या गोधडीवरून तिला पत्र पाठवलं होतं. तळमजल्यावरच्या पोराची निवड जवळजवळ पक्की होती, पण तो मोटारसायकल फार जोरात चालवतो म्हणून बाद झाला.

शेवटी ताई म्हणाली, "एखाद्या वकिलाला विचार ना!" तोपर्यंत हे कुणालाच सुचलं नव्हतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्यात शाळेआधी शिकवतात. पण या वकीलबाईंचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पायरी एकच होती आणि तीही आई माझ्या हाताला धरून चढली.

बातमी आदल्या दिवशीच इमारतीत पसरली होती. 'जाताच आहात तर एवढं विचारून या' म्हणून जो तो चिठ्ठी देऊन गेला. त्यामुळे वकीलबाईंसमोर मी आधी विजेच्या बिलामागे लिहिलेले तीन प्रश्न वाचले.

पहिला प्रश्न बँकवाल्या काकांचा. कुणाला तरी उसने दिलेल्या पैशांचा चेक परत आला होता. "चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कधी मिळाला?" बाईंनी विचारलं. गणपतीत. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बाईंनी पेन खाली ठेवलं. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची असते. नोटीस मिळाल्यावर त्या माणसाला १५ दिवस द्यायचे, तरी पैसे नाही आले तर महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. काकांनी महिना 'माणूस ओळखीचा आहे' यात घालवला आणि दुसरा सर्दीत. चेक आषाढीचा, त्याचेही तीन महिने उलटलेले, म्हणजे तो पुन्हा बँकेत भरायची सोय नाही. "आता दिवाणी दावा. तीन वर्षं आहेत, पण वाट बघू नका म्हणावं." बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

दुसरा प्रश्न सेक्रेटरीचा. भाडेकरूशी ११ महिन्यांचा करार नोटरी केलाय, तेवढा पुरतो ना? पुरत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार ११ महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, नोंदवावा लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "कैद?" आईने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर गोधडी स्पष्ट दिसत होती.

तिसरा प्रश्न समोरच्या वहिनींचा, दीड वर्षात दोनदा बंद पडलेल्या फ्रिजचा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, स्वतः बोललं तरी चालतं. आई म्हणाली, "ती बोलायला उभी राहिली तर कंपनीलाच वकील करावा लागेल."

मग आमची वही टेबलावर आली. बाईंनी गवळ्याचीही पानं शांतपणे उलटली. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, त्या म्हणाल्या. नोंदणी केलेली बरी, पण सक्ती नाही. कागद कुठलाही चालतो. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही सही करायची, एवढं सांभाळा. मी मनातल्या मनात मामांचा बाँड फाडला. (तो शंभरचा बाँडही आता पाचशेचा झालाय, ऑक्टोबर २०२४ पासून. मामांना अजून कळवलेलं नाही.)

"घर कुणाच्या नावावर आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या," आई म्हणाली. "शेअर सर्टिफिकेटवर आहे."

"त्याआधी?"

"यांच्या. ८७ साली घेतलं. हे गेले, मी नॉमिनी होते, सोसायटीने माझं नाव लावलं."

"त्यांनी मृत्युपत्र केलं होतं?"

"त्यांनी कधी किराणा मालाची यादीसुद्धा केली नाही."

मग बाईंनी जे सांगितलं ते ऐकून पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने सांभाळणारा. सोसायटीने तिच्याशी व्यवहार करावा म्हणून ते नाव. बाबांनी स्वतःच्या कमाईचं घर घेतलं, मृत्युपत्र न करता गेले, तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा, मुलगी सारखे वाटेकरी. मामांचं २००५ साल वाडवडिलांच्या एकत्र मालमत्तेतल्या मुलींच्या हक्काचं, त्याचा इथे संबंध नाही. थोडक्यात, आईचं घर एक तृतीयांश. ते ती कुणालाही देऊ शकते. उरलेलं दोन तृतीयांश बावीस वर्षांपासून आमचंच होतं आणि ते निम्मं निम्मं करून ती आम्हाला भेट देत होती.

आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अडतीस वर्षं त्या घराची फरशी मी पुसतेय. एक तृतीयांश म्हणजे किती? हॉल का?"

"हॉलचा एक तृतीयांश," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

"मग तुझा पंखा, तुझा सोफा, तुझा तो टीव्ही माझ्या भागात नकोत."

परतताना न्यायालयाच्या भिंतीवर विधी सेवा प्राधिकरणाचा फलक होता. आईने चष्मा लावून तो अख्खा वाचला. महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, कायदा १९८७ चा, फोन १५१००. "आपण घर घेतलं त्याच वर्षीचा कायदा, आणि मदत फुकट," ती म्हणाली, "आणि तू आत्ता फी देऊन आलास!"

उपाय असा निघाला, की मी आणि ताईने आपापला हिस्सा आईला हक्कसोडपत्राने सोडून द्यायचा, म्हणजे घर पूर्ण तिचं होणार, म्हणजे ते तिला मृत्युपत्राने आम्हाला देता येणार. मी हे बायकोला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मलाच कळेना. बाईंनी मात्र आम्हा दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, की नक्की सोडताय ना? मृत्युपत्र आई उद्या फाडेल, परवा नवं करेल, शेवटचं तेवढं खरं. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मागे घेता येत नाही. सही करायच्या आधी घरी जाऊन विचार करा. ताई म्हणाली, "विचार काय करायचाय, पुरणयंत्र आहे ना?"

दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात आमचे फोटो निघाले, अंगठे उमटले. आईचा मात्र उमटेना. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "आजी, जोरात दाबा." आई म्हणाली, "पन्नास वर्षं राखेने भांडी घासली, रेषा कुठून आणू?" चौथ्या खेपेला उमटला.

मृत्युपत्र टाइप होऊन आलं ते सव्वा पानाचं. आईने ते उभ्याने वाचलं. "यात पुरणयंत्र कुठंय?"

"'इतर सर्व जंगम मालमत्ता', त्यात आलं, आजी."

"जंगम म्हणजे?"

"हलवता येते ती."

"ते अडीच किलोचं आहे. सूनबाईने वीस वर्षांत जागचं हलवलेलं नाही."

बाईंनी पुरणयंत्राला स्वतंत्र कलम दिलं, सातवं. सूनबाईचा उल्लेख मात्र फीमध्ये बसत नाही असं सांगून गाळला. त्या दिवसापासून माझ्या बायकोचा वकिलीवर विश्वास बसला आहे.

साक्षीदार म्हणून शेवटी आमचे डॉक्टर आणि, दुसरं कुणी त्या सकाळी घरी सापडलं नाही म्हणून, बँकवाले काका आले. साक्षीदाराने सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नाही, हे आईने पाठ केलं होतं. तिने पानभर दुधाची वही आडवी धरली आणि फक्त सहीची जागा उघडी ठेवली. काकांनी चष्मा पुसला, मान वाकडी केली, पुन्हा चष्मा पुसला. वहीच्या कडेखालून त्यांना एवढी एकच ओळ दिसली असावी.

कारण संध्याकाळी समोरच्या वहिनी दारात उभ्या. "आजी, देवदिवाळीला जाऊबाई यायच्यात, पुरणयंत्र एक दिवस मिळेल का? म्हणजे कायद्याने काही अडचण नसेल तर."