पाणी बदललं, तर मशीनची निगाही बदलावी लागते

पुण्यात नारायण पेठेतल्या घरी आमचं वॉशिंग मशीन 11 वर्षं चाललं. खडकवासला धरणाचं पाणी होतं. आई पावडर टाकायची, झाकण लावायची, बाकी त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. त्याच सवयी घेऊन आम्ही वाघोलीला आलो, नवं फ्रंट लोड घेतलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात धुतलेल्या टॉवेलांना कुबट वास यायला लागला.

पहिला संशय कामाला येणाऱ्या मावशींवर गेला. ओले कपडे मशीनमध्येच ठेवत असतील, असं आम्ही त्यांना बोललोही. याचं मला अजून वाईट वाटतं. कारण मेकॅनिकने आतली हीटिंग कॉइल काढून दाखवली, तर तिच्यावर नखाने खरवडून निघणार नाही असा पांढरा क्षार. दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी, बुळबुळीत चिकटा आणि एक सेफ्टी पिन.

शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो, ते हेच. आमच्याकडे बोअर आणि टँकर. त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त, म्हणून पावडर नीट काम करत नाही. कपडे स्वच्छ वाटत नाहीत म्हणून आपण आणखी एक चमचा टाकतो. ती जादा पावडर ड्रमच्या मागे साचते, गार पाण्यात विरघळत नाही, आणि दार बंद ठेवलं की त्या ओलीत बुरशी धरते. कॉइलवर थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते.

आता महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून 60 अंशांवर चालवते. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. एक गोष्ट कळकळीने सांगते: त्याच्यासोबत ब्लीच कधीही टाकू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्याकडची ड्राय बाल्कनी दोन माणसं उभी राहतील एवढीच असते.

खालचा पंपाचा फिल्टर उघडताना मशीन बंद करून, पाणी थंड झाल्यावर, आधी पसरट परात ठेवा. बरंच पाणी येतं. नळाच्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, टँकरची रेती तिथे अडकते. धुणं झालं की रबर कोरड्या फडक्याने पुसायचं, दार आणि पावडरचा कप्पा किलकिला ठेवायचा. घरात लहान मूल असेल तर मात्र दारावर लक्ष हवं.

मावशींची मी माफी मागितली. रबर पुसायचं काम आता घरातले आम्हीच करतो.

राग मला याचा येतो की मशीन विकताना 'तुमच्याकडे पाणी कुठलं?' हे कुणीच विचारलं नाही. फ्लॅट घेताना आम्हीही विचारलं नव्हतं. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण पाणी किती दुष्फेन आहे हे वेगळं तपासून घ्यावं लागतं. आमच्या सोसायटीने बोअरचं आणि टँकरचं पाणी प्रयोगशाळेत देऊन तो आकडा लिफ्टशेजारच्या फलकावर लावावा, हा विषय मी येत्या सभेत मांडणार आहे.